उलट बाजूचे सर

नॉटिंगहॅमला मुलीच्या शाळेत पेरेंट्स इव्हिनिंगला प्रत्येक शिक्षकाकडे पाच मिनिटं मिळत. तिला केमिस्ट्री सोडून अमेरिकेचा इतिहास घ्यायचा होता. तो बेत मोडायलाच मी बायकोसह तिच्या इतिहासाच्या सरांपुढे बसलो. शर्टाच्या बाह्या दुमडलेले, ऐकताना डोळे मिटून घेणारे गृहस्थ. इराक युद्धावर वर्गात वादविवाद घेताना ते प्रत्येकाला स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला लावत.

माझे सगळे आक्षेप ऐकून ते म्हणाले, "छान. आता दोन मिनिटं मुलीच्या बाजूने बोला."

काम नेटकं करायची सवय. मी मुद्देसूद बोललो.

"अहो, पटलं मला," बायको म्हणाली. "घेऊ दे तिला इतिहास."

मी घाईघाईने सरांना सांगितलं, "हे माझं मत नव्हे!"

"म्हणूनच नीट विचार करून बोललात," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पालकांना बोलावलं.