रस्त्याकडून चौथी बकूळ

त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. ऊन असं कडक, की ओल्या मातीतून वाफा निघत होत्या आणि माझी टोपी डोक्यावरच उकडत होती. अशा उन्हात, सगळ्या गावासमोर मी जी शोभा करून घेतली, ती आता कशी सांगू तुम्हाला? पण सांगतो. मला लिहिता येत नाही, सून लिहून घेतेय. तेव्हा जरा जपूनच.

आमच्या शेलार गावात एक ताई येतात. रविवारी माणसं जमवतात आणि आपल्या मातीतली झाडं कशी लावायची ते शिकवतात. खड्डा किती खोल घ्यायचा, मुळाशी पालापाचोळा कसा पसरायचा. आता आम्ही जन्मभर भात लावलेली माणसं! पण ताई इतक्या मनापासून सांगत, की मीही "असं होय?" म्हणून मान हलवायचो.

गेल्या पावसात ताई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या नावानं एकेक बकूळ लावू या." माझी मंडळी त्याच वर्षी चैत्रात गेली होती. गोडाऊनच्या रस्त्याकडून चौथा खड्डा मला मिळाला. रोप लावलं, माती दाबली. ताई पाटी लिहायला आल्या.

"बाबा, आजींचं नाव काय?"

झाली का पंचाईत! उभ्या संसारात मी तिचं नाव घेतलं नव्हतं. 'ऐकलंस का गो', एवढ्यावर सगळं भागलं. मी आपला टोपी चाचपत राहिलो. शेवटी आमचे शेजारी युसूफभाई म्हणाले, "ताई, सोडा त्याला, घाम फुटला बघा! लिहा, यमुनाबाई."

पुढच्याच आठवड्यात मी अंबाडीला लेकीकडे गेलो. मोतीबिंदू काढायचा होता. महिनाभर तिथंच राहिलो. नवा डोळा घेऊन आलो तो थेट झाडांकडे. रस्त्याकडून मोजलं. एक, दोन, तीन, चार. ही आपली! रोपाभोवतीच्या पिंजऱ्याला पाटी होती, पण मला अक्षर कुठं कळतं? मोजता येतं, तेवढं पुरे.

मग रोज सकाळी डबाभर पाणी. उन्हाळ्यात दोन वेळा. आणि बोलणं! घरात माझं ऐकतं कोण? (लिही, सूनबाई, हेही लिही.) "ऐकलंस का गो, चहात साखर घालत न्हायत मला." "ऐकलंस का गो, आज चटणी मीच वाटली, मीठ राहिलं." पहिल्या वर्षश्राद्धाला इकडेतिकडे बघून पिंजऱ्याला मोगऱ्याचा गजरासुद्धा बांधला. ती होती तेव्हा एकदाही आणला नव्हता.

युसूफभाईंचे गुडघे गेलेले. ते समोरच्या आपल्या ओट्यावरून बघत, छातीवर हात ठेवून मला सलाम करत. ईदला दरवर्षी वाटीभर शिरखुर्मा यायचा, यंदा पातेलंच आलं! मी म्हटलं, एकट्या माणसाची कीव आली असेल. खाल्ला की!

तर त्या उघडिपीच्या दिवशी ताईंनी वर्षाचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकानं आपल्या झाडापाशी उभं राहायचं, नाव सांगायचं, दोन शब्द बोलायचे. सगळ्यांत जोमदार झाड माझं! आठवडाभर मी मनातल्या मनात नाव घेऊन बघत होतो. पाळी आली. टोपी काढली, खोडावर हात ठेवला आणि मोठ्यानं बोललो,

"ही माझी यमुना. लय गरीब सोभावाची. कधी आवाज चढवला न्हाय."

कुणी टाळी वाजवली नाही. ताई पाटीकडे बघत होत्या.

"बाबा... यावर हाजी कासम लिहिलंय."

हाजी कासम म्हणजे युसूफभाईंचे वडील! कापडाच्या लूमचे मालक. छातीपर्यंत दाढी, आणि आवाज असा की सगळे लूम खडखडत असले तरी शिवी नेमकी माझ्यापर्यंत पोचायची. शेती सांभाळून किती वर्षं त्यांच्याकडे ड्युटी केली, मान वर करून बोललो नाही. आणि त्यांना मी 'गो' म्हणालो? त्यांना गजरा?

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. हसता हसताच विचारलं, "मग ती कुठं हाय?"

तेव्हा कळलं. मी अंबाडीला असताना एका ट्रेलरनं वळताना कडेची दोन रोपं चिरडली होती. ती काढून टाकली. म्हणजे माझं चौथं झालं दुसरं, आणि हाजी कासमचं सहावं आलं चौथ्या जागी. मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, याला ठाऊक असेल.

दुसऱ्या पिंजऱ्यापाशी गेलो. आत एक काटकी. हात लावला तर कट्‌कन वरचं टोक मोडलं.

भरला डबा घेऊन रोज तिच्यावरूनच पुढं जात होतो मी. उन्हाळ्यात ती सुकताना बघून हाजी कासमना म्हणालोही होतो, "कुणाचं गो हे झाड? घरच्यांना लाज न्हाय."

युसूफभाई काठी टेकत आले. "मला वाटलं, माझे गुडघे गेले म्हणून तू अब्बांना पाणी घालतोस. रोज तुझ्यासाठी दुआ मागत होतो रे मी."

"आणि गजरा?"

"तो जरा जास्ती वाटला."

मला हसू फुटलं, आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलंच नाही. नव्या डोळ्यातून पाणी, जुन्यातूनही पाणी. युसूफभाईंनी माझी टोपी झटकून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले,

"धर्मा, जन्मात एकदा बायकोचं नाव घेतलंस, ते पण माझ्या बापासमोर! ही काटकी तं काटकी, पण तिची हाय. घे आता नाव. मी तोंड फिरवतो."