रक्तगटाचा इंडेक्स

सावंतवाडीच्या दवाखान्यात माझ्या बहिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. रक्तदात्यांच्या नोंदी संगणकात होत्या, पण शोध नुसताच फिरत राहिला. तेव्हा संगणक दुरुस्त करणारी एक बाई आली. समुद्राची भरती बघत बसावं तशी ती पडद्याकडे शांतपणे बघत राहिली.

“नावां खंय जावक नाय,” ती मला म्हणाली. “रक्तगटाचो इंडेक्सच, म्हणजे सूचीच नाय, म्हणान ह्यो संगणक एकेका दारार जावन इचारता. आता तेका थेट घर दाखवतंय.”

तिनं इंडेक्स तयार केला. पुन्हा शोधलं, तर लगेच आरोंद्याचा एक मच्छीमार सापडला. तो दुपारीच येऊन रक्त देऊन गेला.

बहिणीनं डोळे उघडले, तेव्हा मी त्या बाईला सांगायला बाहेर धावलो. ती निघून गेली होती. आता बहिणीसोबत तलावाकाठी फिरताना पाठमोरी दिसणारी प्रत्येक बाई मला तीच वाटते.