नववीत सुरू केलेला निबंध

परदेशी कॉलेजच्या अर्जासोबत जो निबंध लागतो, त्याची तयारी कधी सुरू करावी? आमच्या नवी मुंबईच्या समुपदेशक बाईंच्या मते आठवीत. मी नववीत होते, म्हणून त्यांनी नाक मुरडलं. "तहान लागल्यावर विहीर खणायला आलात," असं त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या. उरणला स्वतःच्या कंटेनर-ट्रेलरांवरच्या ड्रायव्हरांना उभ्या उभ्या सोलणारा हा माणूस, पण बाईंसमोर मान खाली घालून बसला.

बाईंना 'स्टोरी' हवी होती. माझ्याकडे कसली आलीय स्टोरी? मी एसी गाडीतून शाळेत जायचे आणि गावची बोली बोलायची मला लाज वाटायची. पण आजोबांनी जन्मभर मिठागरात काम केलं, हे ऐकताच बाईंचे डोळे लकाकले. ज्या मिठागराचं नाव पाहुण्यांसमोर काढायला आमच्या घरात बंदी होती, ते त्या दुपारी आमचा वारसा झालं.

अडचण एकच होती. ते मिठागर वडिलांनीच भराव टाकून बुजवलं होतं, ट्रेलर उभे करायला. पण धंदेवाला माणूस असल्या गोष्टीला अडतो थोडाच? अकरावीच्या उन्हाळ्यात त्यांनी पेणकडच्या एका ओळखीच्या माणसाचं मिठागर फोटोंसाठी मागून घेतलं. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले, तर बाईंनी फोनवर फोटो पाहून तो काढायला लावला. फाटका बनियन हवा म्हणे! मीठ ओढायचं लाकडी फावडं मी हातात घेतलं, तेही उलटं.

आजोबा चारी बाजूंना बघत म्हणाले, "यो आपला आगर न्हाय."

"ठाव हाय, बाबा. जरा हसा," वडील म्हणाले.

निबंधाचे अकरा खर्डे झाले. प्रत्येक खर्ड्यात आजोबा आणखी गरीब आणि मी आणखी समंजस होत गेले. शेवटच्या खर्ड्यात तर मी त्यांच्याकडून मीठ पिकवायला शिकलेसुद्धा. मला तो निबंध फार आवडायचा, हे सांगताना आज स्वतःची किळस येते.

बारावीत व्हिडिओवर मुलाखत झाली. कॉलेजातर्फे बोलणाऱ्या गृहस्थांनी निबंध खरोखरच वाचला होता. ही शक्यता आमच्यापैकी कुणी धरलीच नव्हती. त्यांनी कौतुकाने विचारलं, खाडीचं पाणी आत घेतल्यावर मीठ पडायला किती दिवस लागतात?

"एक आठवडा," मी ठोकून दिलं.

"आणि मध्येच पाऊस आला तर?"

"मग... थांबायचं."

त्यांनी विषय बदलला. महिन्याभराने नकार आला. समुपदेशक बाईंनी निदान केलं की आठवीतच सुरू करायला हवं होतं, आणि वडिलांनी ते पटल्यासारखी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी मी आजोबांच्या खोलीत गेले. ते टीव्ही बघत होते. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं, मीठ पडायला किती दिवस लागतात.

त्यांनी टीव्ही बंद केला. "पयला मीठ का मागचा, बाय? न वारा कंचा?"

मग ते रंगून सांगू लागले, हातांनी बांध दाखवत, चिखल तुडवून दाखवत. त्यांचे निम्मे शब्द मला कळत नव्हते. मी नुसती मान हलवत होते. थोड्या वेळाने त्यांच्या ते लक्षात आलं.

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांनी टीव्ही पुन्हा लावला.