माशाचा अर्ज

अग्निशमन केंद्रात सगळे त्याला मासा म्हणायचे. अठरा वर्षं तो पाण्याखाली उतरून बुडालेली माणसं वर काढत होता. जिवंत फार थोडी. बहुतेकदा घरच्यांच्या हवाली करायला नुसता देह.

एवढी वर्षं निभावलं ते जुन्या साहेबांमुळे. मासा बाहेर आला की ते त्याला गाडीच्या मागच्या पायरीवर बसवायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "खाली हाताला काय लागलं ते आधी मला सांग. कागद नंतर."

ते निवृत्त झाले. नवे साहेब कामाला वाघ, पण मिनिटांच्या हिशेबाचे.

एका दुपारी कालव्यात व्हॅन पडली, आत आईबाप आणि त्यांची लहान लेक. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. माशाने चाचपडत आईबाप बाहेर काढले आणि धापा टाकत काठावर टेकला. लेक अजून आतच होती.

"बसतोस काय? लोक बघतायत. जा परत!" साहेब म्हणाले.

तो गेला. मागच्या सीटखाली त्याच्या पंजात एक इवलासा, थंडगार पंजा आला. तिला घेऊन तो वर आला तेव्हा साहेब घड्याळ बघत होते. "चाळीस मिनिटं. संध्याकाळी रिपोर्ट पाहिजे."

त्या दिवसापासून माशाला तोंडावर पाणी घेववेना. ओल्या फडक्याने चेहरा पुसायचा, झालं. बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"कुठं काय?"

"रस्ता ओलांडताना आपल्या पोरीचा हातसुद्धा धरत नाही तुम्ही."

 शेवटी तिनेच समोर बसून अर्ज लिहून घेतला: काही दिवस पाण्यात उतरवू नये, डॉक्टरांना दाखवायची परवानगी मिळावी.

साहेबांनी तो सकाळच्या हजेरीला, सगळी रांग उभी असताना, मोठ्याने वाचला. "ऐकलंत? आपला मासा पाण्याला घाबरतो म्हणे!"

हशा पिकला. काही मनापासून हसले, काही साहेबांकडे बघून. मासाही हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

दहा दिवसांनी दगडखाणीच्या डोहावर बोलावणं आलं. मास्क चढवताच कुणी छातीवर येऊन बसल्यासारखं झालं. शिडीवरचा पाय हलेना. साहेबांनी गर्दीसमोर त्याचा उद्धार केला. तेवढ्यात जोडीदार पुढे झाला. त्याला रेडिओ म्हणायचे; तोंड कधी बंद नसायचं आणि सगळ्यांना हसवून बेजार करायचा. "मी उतरतो, साहेब. हा दोर धरेल."

एकट्याने उतरायचं नाही हा नियम होता. तरी साहेबांनी होकाराची मान हलवली.

खालून दर मिनिटाला, सगळं ठीक असल्याची खूण म्हणून, दोराला हिसका यायचा. पंधराव्या मिनिटानंतर काहीच आलं नाही. माशाने जिवाच्या आकांताने दोर ओढला. रेडिओ वर आला, शुद्धीवर, कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

"हिसका का नाही दिलास?" गाडीआड नेऊन माशाने विचारलं.

"वर यावंसंच वाटेना रे. खाली बरं वाटत होतं."

"वेड लागलंय का? साहेबांना सांगू या."

"तुझा अर्ज वाचला ना, तेव्हा माझाही खिशात होता. संडासात जाऊन फाडला." रेडिओ हसला नाही. "कुणाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

माशाने शपथ मोडली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं रडगाणं आता त्याच्या नावावर? तो तर कालही सगळ्यांना हसवत होता." माशाची बदली सामानाच्या कोठारात झाली. रेडिओने त्याच्याशी बोलणं टाकलं.

चार दिवसांनी पुन्हा भोंगा वाजला. मासा धावत जाऊन गाडीच्या दाराला लटकला. "नको जाऊस."

"मग कोण उतरणार? तू?"

माशाचा हात दारावरून सुटला. गाडी गेली. मागून दुसरी निघाली, तिच्या पायरीवर तो चढला. नदीवर पोचताच त्याने दुसऱ्याच्या हातातला दोर हिसकावून घेतला आणि रेडिओ वर येईपर्यंत साहेबांच्या एकाही हाकेला ओ दिली नाही. वर आल्यावर रेडिओने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी नोटीस मिळाली: परवानगीशिवाय घटनास्थळी हजर राहिल्याबद्दल खुलासा करावा. बायकोने ती दोनदा वाचली.

"आता काय हो?"

"उद्या परत जाईन, त्याचा दोर धरायला," मासा म्हणाला. "परवाही. किती दिवस जमेल, माहीत नाही."