सेनापतीला राणीनं सोडला

"राणीच्या दुधात इख घातलान त्या सेनापतीनं, आन् राणी त्याला सोडते? मी असते तं सुपारीवानी सोलला असता!" सुपारी सोलता सोलता गोदूआजी मोबाइलवरच्या कोरियन मालिकेवर भडकली होती. सून नूतन हसली.

दिवेआगरात बाया सुपारी सोलायला आळीपाळीनं एकमेकींच्या वाडीत जातात. यंदा गोदूच्या पाळीला तिची धाकटी जाऊ यसू दुसऱ्याच वाडीत गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

इतक्यात कुंपणापलीकडून यसू म्हणाली, "जाऊबाय, सेनापतीला मारलान काय गं राणीनं? आमच्याकडं रेंज न्हाय."

गोदूनं हातातली सुपारी खाली ठेवली.

"न्हाय मारला. ल्हानपनापास्नं एका ताटात जेवलेली ती दोघं. ये, बस हितं. आन् हात चालव, नुसती बघत ऱ्हाऊ नको."

यसूला पाट सरकवून गोदूनं पुढची सुपारी उचलली.