परुळेकरकाकांचं नाक

परुळेकरकाकांची आणि माझी ओळख झाली ती एका डब्यामुळे. नेरूळच्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पत्र्याचा उघडा डबा थेट माझ्या नाकाखाली धरून उभे!

"कसला वास येतोय? पटकन सांगा. विचार करू नका."

"व्हॅनिला," मी गांगरून म्हणाले. "आणि... मनुका?"

"मनुका! म्हणजे तुम्हालाही तोच आला." त्यांनी मान डोलावली, पण चेहरा काही निवळला नाही. "आता प्रश्न असा, की तंबाखूत मनुका हवी कशाला? काय झाकायचंय त्यांना?"

एवढं बोलून ते निघून गेले. नावही सांगितलं नाही.

काकांचा सगळा जन्म जहाजावर इंजिनियर म्हणून गेला. पाईपची सवय तिथलीच. आता आठवड्याला एकच पाईप, रविवारी संध्याकाळी, गॅलरीत. पण त्याआधी तंबाखूची जी उलटतपासणी चाले, ती बघण्यासारखी असे. नवा डबा फोडला की चिमूटभर तंबाखू टीपकागदावर पसरायची. कागद चिकट झाला की भुवया वर. मग ती बोटांत चुरडून वास घ्यायचा, आणि जरा वेळाने पुन्हा घ्यायचा. "पहिला वास पाहुण्यांसाठी असतो. दुसरा घरचा." पाईप पेटवल्यावर अर्धा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग निकाल. "पास" क्वचित, "नापास" पुष्कळ, आणि बहुतेक वेळा "चौकशी चालू". गोड, सुगंधी मिश्रणांवर त्यांची खास नजर. "जो वास दारातच गळ्यात पडतो, त्याच्यापासून सावध राहावं," ते म्हणत. हाच नियम ते आंबेवाल्याला, विम्याच्या एजंटला आणि सोसायटीच्या चेअरमनलाही लावत.

त्यातल्या त्यात कमी संशय रेग्यांवर. रेगे जहाजावरचे जुने सोबती, राहायला ऐरोलीला. लेकीकडे परदेशी गेले की येताना काकांसाठी डबा ठरलेला.

एका पावसाळ्यात काकांना जोराचा ताप येऊन गेला. बरे झाल्यावर रेगे त्यांच्या सर्वांत आवडीच्या मिश्रणाचा डबा घेऊन आले. मीही तिथेच होते. टीपकागद झाला, चुरडणं झालं, पाईप पेटला, आणि काकांनी तो लगेच खाली ठेवला.

"रेग्या, हे गवत आहे."

"काय बोलतोस परुळ्या? सील तूच फोडलंस ना?"

"सील काय, कोणीही लावतं. डबा तोच, माल दुसरा. कुठून उचललास, खरं सांग."

रेगे हसले, मग त्यांचं हसू मावळलं. "मी तुला फसवीन?"

काकांनी पाईप राखदाणीत उलटा करून रिकामा केला. रेग्यांनी चपला घातल्या आणि गेले, ते यायचेच बंद झाले. मला मात्र उमगेना. गॅलरीभर भाजलेल्या अंजिरासारखा सुरेख वास दरवळत होता.

त्यानंतर काका सगळ्यांवरच उखडू लागले. चहापुडीत भेसळ, उदबत्तीत नुसता भुसा, बांगड्याच्या झणझणीत तिखल्यात वासाची तिरफळं कमी. काकू बिचाऱ्या दुप्पट तिरफळं घालायच्या. शेवटी एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "सगळं जग एकदम नासलं होय? जरा स्वतःकडे पण बघा!"

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर तीन वाट्या. एकीत रेग्यांनी आणलेली तंबाखू, दुसरीत चहापूड, तिसरी रिकामी.

"मी डोळे मिटतो. तू एकेक वाटी नाकाशी धर, पाहिजे त्या क्रमाने. आणि हे बघ, मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस."

मी तंबाखू धरली. काका म्हणाले, "रिकामी." चहापूड धरली. "ही... चहा." मी जरा सुखावले, पण त्यांच्या आवाजात काही जोर नव्हता. मग रिकामी वाटी धरली. त्यांनी एकदा वास घेतला, मग पुन्हा घेतला. "ही तंबाखू असेल," हळूच म्हणाले. "वास येतोय म्हणून नाही. तीच राहिली म्हणून."

डोळे उघडून त्यांनी रिकाम्या वाटीत पाहिलं. तापाने त्यांचं नाक नेलं होतं.

"संशय बरोबर होता," ते म्हणाले. "आरोपी चुकीचा धरला."

त्याच संध्याकाळी मी त्यांना गाडीने ऐरोलीला नेलं. दार रेग्यांनीच उघडलं. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"रेग्या, माझं नाक गेलंय. तंबाखू चांगली होती."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, गाढवा!"

"कळलं कुठे? मला वाटलं, तूच बदललास."

रेग्यांनी दंडाला धरून त्यांना आत ओढलं.

वास काही परत आला नाही. पण रविवारी रेगे नेरूळला येऊ लागले. पाईप काकांच्या तोंडात आणि वर्णन रेग्यांच्या. काका वकिलासारखे विचारत, "मध किती? चमचाभर, की नुसतं बोट लावल्यासारखा?" रेगे रंगात आले की तंबी मिळे, "उगाच खूश करू नकोस मला." आणि मग ते माझ्याकडे वळत. मी साक्षीदार. रेग्यांचा प्रत्येक शब्द माझ्याकडून पडताळून घेतल्याशिवाय निकाल लागत नसे.

गेल्या वर्षी काका गेले. त्याच्या थोडे दिवस आधी रेगे नवा डबा घेऊन आले होते. काकांना आता पाईप ओढवत नव्हता. अंथरुणातूनच म्हणाले, "कसा आहे, सांग."

रेग्यांनी झाकण काढून वास घेतला. थोडे घुटमळले. "बरा नाहीये, परुळ्या. वरवर गोड, खाली काहीच नाही."

मी डबा घ्यायला हात पुढे केला. काकांनी मला थांबवलं.

"असू दे. रेग्या म्हणतोय ना, मग तसंच असणार."

झाकण लावायला म्हणून रेग्यांनी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.