वळणावरचा वाढदिवस

पद्मजाताईंनी बँकेच्या काउंटरवर जन्मभर लोकांना पुढच्या खिडकीवर पाठवलं. निवृत्त झाल्यावर सायकल घेतली आणि आता त्या इतर बायकांना सायकलवर पुण्याबाहेर सहलीला नेतात. या वयात गुडघे सांभाळावेत आणि नामस्मरण करावं, असं आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं मत. मी दोन्ही करते. त्यांच्या मागून सायकल चालवली की नामस्मरण आपोआप होतं, रस्ताच तसा आहे.

दर रविवारी आंबेटेक गाव. मुंबई-नाशिकच्या बायकाही येतात. गावात यमुनाबाई अंगणात पिठलं-भाकरी वाढतात आणि त्यांचं निम्मं घर त्यावर चालतं.

अडचण गावाआधीच्या वळणाची. तिथे गावचे पुढारी पोपटराव यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, घराएवढा उंच. वाढदिवस झाला दिवाळीत. होळी आली तरी पोपटराव हात जोडून उभेच. पलीकडची गाडी दिसायची ती अंगावर आल्यावर. एका रविवारी दुधाचा टेम्पो असाच आला आणि नाशिकच्या कल्याणीताई सायकलसकट चरात गेल्या. मनगट मोडलं. पद्मजाताईंनी तिथेच सांगून टाकलं, वळण मोकळं होईपर्यंत सहल बंद.

"पोपटरावला कोन सांगनार?" यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्या फ्लेक्सला वारा लागला तरी त्याला राग येतो."

पद्मजाताई मला घेऊन गेल्या सांगायला. काउंटरवरची जीभ बरोबर होतीच.

"अहो, वळण चांगलं आहे हो. तुमचा चेहरा तेवढा आड येतो."

पोपटराव हसले, आम्हाला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक फ्लेक्स लावला. यात चेहरा अजून मोठा होता.

आम्ही रविवारी घरीच बसायला लागलो. यमुनाबाईंचा फोन यायचा, "ताई, पीठ दळून आनू का नको?" मग एका सकाळी पद्मजाताई दगडूशेठला जाऊन आल्या आणि प्रसादाचे पेढे घेऊन थेट पोपटरावांच्या ओट्यावर. मी होतेच.

"मागच्या वेळी माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फ्लेक्स देखणा आहे. पण वळणावर माणूस जीव मुठीत धरून रस्ता बघतो, तुम्हाला कोण बघणार? शाळेपुढे सरळ रस्ता आहे. तिथे लोक निवांत बघतील."

पोपटराव पेढा हातात धरून बसले. "म्हंजी इतके दिवस कुनी बघितलंच नाय?"

"कल्याणीताईंना विचारा. टेम्पोचा नंबर सांगतील, तुमचं नाव नाही."

संध्याकाळपर्यंत दोन्ही फ्लेक्स शाळेपुढे गेले.

रविवारी वळणावर टेम्पो लांबूनच दिसला. पद्मजाताईंनी हात वर केला, आम्ही कडेने एका रांगेत झालो, टेम्पोवाल्यानेही वेग कमी केला. मी मनातल्या मनात हात जोडले, देवाला, पोपटरावांना नव्हे. यमुनाबाईंनी पिठल्यावर तेलाची धार जरा जास्तच धरली.

परतताना त्याच वळणावर दोन माणसं बांबूसाठी खड्डे खणत होती. गेल्या निवडणुकीत पोपटरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ऋषीदादांचा वाढदिवस गुरुवारी होता.

पद्मजाताईंनी सायकल स्टँडला लावली.

"आता यांना काय सांगणार?" मी विचारलं.

"हेच, की शाळेपुढची चांगली जागा पोपटरावांनी धरली," त्या म्हणाल्या आणि खड्डे खणणाऱ्यांना ऋषीदादांचं घर विचारायला लागल्या.